दुसऱ्या अंतऱ्याआधीचा आलाप

रेडिओवर एक ठरावीक गाणं लागलं की माझी आत्या हातातलं काम टाकून उठायची आणि बटण बंद करायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका गाजलेल्या हिंदी सिनेमातलं गाणं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्यावरून पुरेसे वाद झालेत. लहानपणी मला वाटायचं, गाणं अशुभ असेल. मोठी झाल्यावर कळलं की त्या गाण्यात आपला आवाज आहे, असं आत्याचं म्हणणं होतं.

आत्याचं नाव जयंती कर्णिक. वय आता ब्याऐंशी. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि बोरीवली पूर्वेला कुलूपवाडीत घर घेऊन राहिली. माझं लग्न मोडल्यावर मी तिच्याकडे आले, ती तिथेच राहिले. मी क्षमा, शाळेत गणित शिकवते.

आत्याचा कुणावर म्हणून विश्वास नाही. दुधाची पिशवी ती उजेडात धरून बघते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की म्हणते, "ह्याचं लॅबवाल्याशी साटंलोटं आहे." सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात नमस्कार करून गेला की मला विचारते, "हा आज का हसला गं?" गोड बोलणारा माणूस दिसला की ती आधी सावध होते. तिरसट माणसाबद्दल मात्र म्हणते, निदान जे आहे ते उघड आहे.

ती जन्मतः अशी नव्हती, असं माझे बाबा सांगायचे. तेव्हा कर्णिक मंडळी अंधेरीला गुंदवलीत राहायची. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक स्टुडिओ होता. आता तिथे काचेचा टॉवर आहे. आजोबांच्या ओळखीचे नाना म्हणून एक गृहस्थ मोठ्या संगीतकाराचे सहायक होते. त्यांच्या शब्दावर आजोबांनी आत्याला कोरसमध्ये गायला पाठवलं. कोरस म्हणजे मुख्य गायिकेच्या मागे "आ" आणि "हो हो" करणाऱ्या मुली. रेकॉर्डवर त्यांचं नाव नसायचं. पण आत्याला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबा सांगायचे, ती घरी यायची तीच गुणगुणत.

तिच्या डाव्या बाजूला नेहमी शांता इंगळे नावाची मुलगी उभी असायची. ती घाटकोपरहून बसने यायची. वडील बुलढाण्याकडून मुंबईत आलेले, बाबासाहेबांच्या जलशात गाणारे. शांता त्यांच्याच गायन पार्टीत गात मोठी झाली होती. दोघींची चांगली मैत्री होती. एकाच माइकवर, एकाच पुड्यातले चणे.

तर त्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याआधी एक आलाप होता. तो मुख्य गायिकाच गाणार होती, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी तिचा घसा धरला होता. बाकीचं गाणं कसंबसं झालं, वरच्या सुरात जाणारा तो तुकडा मात्र लागेना. ती घरी गेली. नानांनी कोरसमधून आत्याला पुढे केलं. तिने तो आलाप गायला, परत परत गायला. शेवटी नाना म्हणाले, "ठीक आहे, घरी जा. बघू." आत्याला वाटलं, झालं.

काही महिन्यांनी गणपतीत गुंदवलीच्या मंडपात लाउडस्पीकरवर ते गाणं वाजलं. आत्या आरतीचं ताट घेऊन उभी होती. दुसऱ्या अंतऱ्याआधी तो आलाप आला आणि तिच्या हातातलं ताट कलंडलं. बाबा शेजारी होते. ती त्यांना म्हणाली, "दादा, ही मी आहे."

पुढच्या तालमीला तिने कोरसच्या मुलींना हे सांगितलं. सगळ्या हसल्या. म्हणाल्या, बाईंच्या गाण्यात तुझा आवाज कोण ठेवील? शांता तेवढी हसली नाही. ती खाली बघून चणे खात राहिली.

त्यानंतर आत्याला बोलावणंच आलं नाही. वाट बघून बघून ती स्वतः नानांकडे गेली. नानांनी तिला दारातच सांगितलं, "तुला भास झालाय, जयंती. आणि असले भास होणाऱ्या मुली मला चालत नाहीत."

आत्याने पुष्कळ विचार केला. नानांच्या कानावर कुणी घातलं? हसणाऱ्या मुलींना ती गंमत वाटली होती, त्या कशाला चुगली करतील? जी हसली नाही तीच. एवढ्या एका तर्कावर तिने शांताशी बोलणं सोडलं, गाणं सोडलं आणि ती टेलिफोन ऑपरेटर झाली. बाबा म्हणायचे, तेव्हापासून तिचा स्वभाव बदलला. माणूस समोर उभा असला तरी ती त्याच्या मागे कोण उभं आहे ते शोधायची.

आता अलीकडचं सांगते. आत्याच्या वाढदिवसाला मी तिचा एक फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं की ही माझी आत्या, जुन्या सिनेमांच्या कोरसमध्ये गायची, आणि अमुक गाण्यातला तो प्रसिद्ध आलाप खरं तर तिचा आहे. लोकांनी भरभरून हार्ट पाठवले. चार दिवसांनी तेजल इंगळे नावाच्या मुलीचा मेसेज आला. "मी अंधेरीला डबिंग स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट आहे. शांता इंगळे माझी आजी. तिला जयंतीआजींशी बोलायचंय. फोन करू का?"

मी आत्याला सांगितलं.

"इंगळे कशी? शांताचं लग्न झालं नाही का?"

"मला काय माहीत?"

"मग नात कुठून आली? बघ, इथेच गडबड आहे."

मी मेसेज करून विचारलं. शांताबाईंनी भावाचा मुलगा वाढवला होता, तेजल त्याची मुलगी. आत्या म्हणाली, "उत्तर तयार ठेवलेलं दिसतंय."

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला. तेजल तिकडून "हॅलो, जयंतीआजी?" म्हणत होती आणि आत्या ओठ घट्ट मिटून बसली होती. मी खुणेने विचारलं, काय झालं? तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आवाज चोरतात हल्ली. मी बोलले की रेकॉर्ड करतील. उद्या माझ्या आवाजात तुला फोन येईल, मी पोलीस चौकीत आहे म्हणून."

"आजी, ऐकताय ना?" तेजल म्हणाली. "आजीला तुमच्याशी त्या आलापाबद्दल बोलायचंय."

आत्याने हात काढला. "कुठला आलाप?"

"दुसऱ्या अंतऱ्याआधीचा."

मग आत्या जायला तयार झाली. पण तिची तयारी बघून वाटावं, आम्ही शत्रूच्या गोटात चाललोय. हातातल्या बांगड्या काढून कपाटात ठेवल्या. शेजारच्या काकूंना पत्ता दिला, वर सांगितलं की संध्याकाळपर्यंत नाही आलो तर फोन करा. निघायच्या आधी आम्ही चहा घेतला. राष्ट्रीय उद्यानाच्या स्टेशनवरून मेट्रोने गुंदवलीला उतरलो आणि तिथून दुसरी मेट्रो पकडून घाटकोपरला. गुंदवलीच्या पुलावर मी विचारलं, "तुमचं घर कुठे होतं गं?" ती खाली बघत म्हणाली, "काही ओळखू येत नाही. मुद्दाम बदलल्यासारखं वाटतंय."

शांताबाईंचं घर पूर्वेला, पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली हार्मोनियम कापडात गुंडाळून ठेवलेली. शांताबाई महापालिकेच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या उठल्या नाहीत, खुर्चीतूनच बघत राहिल्या.

"ये जयंती. वाळलीस गं."

"तू सुटलीस," आत्या म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

तेजल तिशीची, केस बारीक कापलेली, गळ्यात हेडफोन. तिने विचारलं, "चहा टाकू ना?"

"आम्ही घेऊनच निघालो," आत्या म्हणाली.

शांताबाई हसल्या. "माझ्या बहिणीच्या लग्नात पण तू हेच बोललीस. उंबऱ्यात उभी राहून. चहा आत्ताच घेतला, सरबत आत्ताच घेतलं. मी तुला मंडपात पाणी पिताना पण बघितलं नाही."

मी आत्याकडे बघितलं. "ते साठ वर्षांपूर्वीचं आहे, शांता."

"आलाप पण साठ वर्षांपूर्वीचाच आहे."

मग शांताबाईंनी सरळ विषयाला हात घातला. "नानांनी मला एकटीला बोलावून विचारलं होतं, आवाजाचं कोण बोलतंय म्हणून. मी तुझं नाव सांगितलं."

आत्या खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. पण ती माझ्याकडे वळली, आणि तिचे डोळे चमकत होते. "ऐकलंस? मी म्हणत होते ना? तुझ्या बापाला किती वेळा सांगितलं, तो म्हणायचा, तू संशयी आहेस."

"पूर्ण ऐक," शांताबाई म्हणाल्या. "मी नाव सांगितलं, कारण तो आवाज तुझा नव्हता. माझा होता."

आत्या खुर्चीत पुढे सरकली.

"तू घरी गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावलं होतं. तोच तुकडा परत घेतला. नाना म्हणाले, बाहेर कळता कामा नये, बाईंच्या नावाची रेकॉर्ड आहे. तोंड उघडलंस तर इथे परत दिसणार नाहीस. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, माझ्या पाठीवर बहिणी. मी गप्प बसले. आणि तू सगळ्यांना सांगत सुटलीस की आवाज तुझा. चौकशी झाली असती तर माझ्यापर्यंत आली असती. मी घाबरले आणि तुझं नाव घेतलं. ते माझं चुकलंच. पण इतकी वर्षं मी ते गिळून होते. तेजलने मला तुझा फोटो दाखवला, त्याच्याखाली आलाप तुझा म्हणून छापलेलं. मग मला गिळवेना."

छापलं मी होतं. मी हातातल्या पिशवीचे बंद चाळत बसले.

तेजलने लॅपटॉप पुढे केला. तिने जुन्या रेकॉर्डवरून त्या गाण्यातली वाद्यं बाजूला काढून नुसता गळा ठेवला होता. "आजी, तुम्हीच ऐका ना." आत्याने हेडफोन आधी उलटसुलट करून बघितले, मग कानाला लावले. तिने डोळे मिटले. ऐकून झाल्यावर पुन्हा लाव म्हणाली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हल्ली काहीही करता येतं. मेलेल्या माणसांच्या आवाजात नवीन गाणी काढतात. तू ह्यात तुझ्या आजीचा आवाज घातला असशील."

"मी फक्त वाद्यं काढली, यार," तेजल म्हणाली, आणि लगेच, "सॉरी, आजी. पण मी असं कशाला करीन?"

"ते मला कसं कळणार?" आत्या शांताबाईंकडे वळली. "तू गा."

"दम लागतो गं मला."

"गा म्हणते ना."

शांताबाईंनी हात मांडीवर ठेवला आणि गायल्या. आवाज फाटलेला होता, वर जाताना दोनदा तुटला. पण वरच्या सुरावर त्या सरळ गेल्या नाहीत. त्याच्याही वरच्या सुराला नुसतं शिवून खाली आल्या, जलशातले लोक हाक देताना देतात तसा एक वळसा घेऊन. मी संगीतातली नाही, तरी मला तो वळसा ओळखू आला. रेकॉर्डवर तो तसाच आहे.

आत्या उभी राहिली. "साठ वर्षं रोज ऐकलं तर कुणालाही जमेल," ती म्हणाली. "चल, क्षमा."

लिफ्टपाशी तेजल आमच्या मागून आली. ती रागावली होती. "आजीने ही गोष्ट आमच्या घरात पण कुणाला सांगितली नव्हती. तिला तुमच्याकडून काहीच नकोय." आत्या लिफ्टचं बटण दाबत राहिली.

पुढचे काही दिवस तिने वेगवेगळे तर्क लढवले. शांताला आता टीव्हीवर यायचंय. त्या मुलीला तिचा स्टुडिओ चालवायचाय. नानांनी दोघींना गायला लावून दोघींना फसवलं असेल आणि आवाज तिसऱ्याच कुणाचा असेल. मी वैतागून म्हटलं, "आत्या, तू ते गाणं शेवटचं कधी ऐकलंस?"

ती थांबली. "गणपतीत."

"कुठल्या गणपतीत?"

"त्याच."

म्हणजे मंडपातल्या त्या फाटक्या लाउडस्पीकरवर, टाळांच्या गजरात तिने ते एकदा ऐकलं होतं. त्यानंतर जेव्हा जेव्हा लागलं तेव्हा तिने बंद केलं. उरलेली सगळी वर्षं ती तिच्या डोक्यातलंच गाणं ऐकत होती.

त्या दुपारी तिने माझा फोन मागितला आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. आधी गाणं ऐकू आलं. मग पुन्हा. मग मला एक नवाच आवाज ऐकू आला, बारीक, सरळ, वयाने कोरडा पडलेला. आत्या गात होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. ती त्या वरच्या सुरापर्यंत यायची आणि सुईसारखी नेमकी त्याच्यावर जाऊन बसायची. वळसा येत नव्हता. पुन्हा रेकॉर्ड, पुन्हा ती. संध्याकाळ झाली तरी दार बंदच होतं. मी दिवा लावायला आत गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"नाना म्हणायचे, सरळ नको, वळसा दे," ती म्हणाली. "मला येत नव्हता. मी विसरूनच गेले होते हे."

मी तिच्याजवळ बसले.

"तरी वळसा शिकता येतो. त्याच्यावर मी विश्वास ठेवला नसता. पण हे ऐक." तिने गाणं मागे नेलं. आलापाच्या आधी, सतार थांबते तिथे, कुणीतरी तोंडाने श्वास घेतल्याचा अगदी बारीक आवाज होता, उचकीच्या सुरुवातीसारखा. "कळलं? ती माझ्या डाव्या कानाशी उभी असायची. प्रत्येक ओळीआधी हे ऐकलंय मी."

तिने फोन माझ्याकडे दिला. "तिला लाव."

शांताबाईंनी फोन उचलल्यावर आत्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "शांता, नाना तुला श्वासावरून ओरडायचे ना?"

"रोज ओरडायचे. का?"

"तो रेकॉर्डवर आलाय."

शांताबाई म्हणाल्या, "मला कधी ऐकू आला नाही तो."

"स्वतःचा ऐकू येत नाही." आत्याने घसा साफ केला. "मला तेव्हाच सांगायचं होतंस."

"तुझा विश्वास बसला असता?"

आत्याने खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण सांगायचं होतंस. माझं गाणं गेलं त्याच्यात."

"हो. गेलं," शांताबाई म्हणाल्या. त्या पुढे काही सारवासारव करतील असं मला वाटलं, पण त्यांनी केली नाही. आत्यानेही फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आणि त्या लग्नात मला तहान लागली होती."

"मग प्यायची होतीस पाणी."

"आई म्हणाली होती, तिकडे काही घेऊ नकोस. मी ऐकलं तिचं."

"माहीत आहे मला," शांताबाई म्हणाल्या.

माफी हा शब्द दोघींपैकी कुणी उच्चारला नाही. पण पुढच्या आठवड्यात आम्ही घाटकोपरला गेलो तेव्हा निघताना चहा घ्यायचा का, असं मी विचारलं, तर आत्या म्हणाली, "तिथे होईल." तिथे तिने दोन कप घेतले आणि वर सांगितलं की साखर जास्त आहे.

तेजलच्या मनात होतं की हे सगळं रेकॉर्ड करून ठेवावं. शांताबाई नको म्हणत होत्या. लोक हसतील, मोठ्या गायिकेला मानणारे शिव्या घालतील, ह्या वयात कशाला? आत्या मात्र पेटली. "रेकॉर्डवर नाव कुणाचं ते राहू दे. तिथे कोण उभं होतं ते तरी कळू दे." सबंध आयुष्य तिने स्वतःच्या नावासाठी मनातल्या मनात खटला चालवला होता. आता ती त्याच खटल्यात दुसऱ्या बाजूची साक्षीदार झाली, आणि तितक्याच हट्टाने.

अंधेरीच्या स्टुडिओत तेजलने तिला काचेमागे बसवलं. आत्याने आधी विचारलं की हे कुठे जाणार, कोण ऐकणार, मध्ये काही कापणार नाही ना. मग माइककडे तोंड करून बोलली. "मी जयंती कर्णिक. मी कोरसमध्ये गायचे. ह्या गाण्यातला दुसऱ्या अंतऱ्याआधीचा आलाप माझा आहे, असं मी आजवर सांगत आले. तो माझा नाही. तो शांता इंगळेचा आहे. मी तिच्या उजवीकडे उभी राहायचे, मला तिचा श्वास माहीत आहे." बाहेर आल्यावर तिने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि स्वतःसाठी एक प्रत पेन ड्राइव्हवर मागितली. तेजलने मुकाट्याने दिली. तोवर तिलाही आत्याची सवय झाली होती.

मी फेसबुकवरचा माझा मजकूर दुरुस्त केला. तेजलने रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं. काही लोकांनी छान लिहिलं. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. एकाने लिहिलं, दोन म्हाताऱ्या मिळून प्रसिद्धीसाठी बनाव करतायत. दुसऱ्याने लिहिलं, असे आवाज आता कुणीही तयार करतं.

मी हे आत्याला दाखवणार नव्हते, पण तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि चष्मा लावून एकेक करून सगळं वाचलं. मी म्हटलं, "सोड ना, आत्या. वाईट नको वाटून घेऊस."

"वाईट कशाला?" ती म्हणाली. "ते तिथे नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता." आणि तिने शांताबाईंना फोन लावायला सांगितलं, त्यांनी हे वाचायच्या आत.